नाही मावत नाही

मशीन डोक्यावर फिरायला लागली तेव्हा मी समोरची पाटी वाचत होतो.

दोघांनी खांदे धरलेले. खाली प्लास्टिकचं लाल स्टूल, त्याचा एक पाय आखूड. त्यामुळे मी डुलत होतो, आणि मी डुलतो म्हणून मामा खेकसत होता. मामा म्हणजे वॉर्डबॉय. दवाखान्यात सगळ्याच वॉर्डबॉयना मामा म्हणतात, नातं तेवढंच. हा बालाघाटकडचा, हिंदी बोलणारा, मनगटाने दणकट.

"नाई! नाई!" मी ओरडलो.

आमच्या झाडीपट्टीत 'नाही'ला नाई म्हणतात. मामाच्या हिंदीत नाई म्हणजे केस कापणारा.

"अरे, नाई तो आ गया है!" मामा म्हणाला. "और कितने नाई चाहिए तेरे को?"

सगळा व्हरांडा हसला. आणि लाज वाटते सांगायला, पण मीही हसलो. विनोद चांगला होता. जन्मभर स्वतःच्या फजितीवर लोकांना हसवत आलेला माणूस मी, सवय सुटत नाही. केसांचा पहिला पुंजका मांडीवर पडला तेव्हा माझे दात दिसत होते.

मशीन चालवणारा म्हातारा हसला नाही. तो एवढंच पुटपुटला, "हालू नोको भाऊ, कान कापन."

म्हणून मी हललो नाही. समोर बघत राहिलो. समोर भिंतीवर उंच ठिकाणी पाटी. निळा पत्रा, पांढरी अक्षरं, शिरोरेषा दोरी ताणल्यासारखी. वर मोठ्या अक्षरांत 'रुग्णांचे हक्क'. खाली दहा ओळी. सातवी ओळ अशी:

'रुग्णाचे मुंडण त्याच्या इच्छेविरुद्ध करता येणार'

बस. पुढे काही नाही. पुढे 'नाही' नाही.

अक्षर माझं होतं.

मी पेंटर. चित्रं काढणारा नव्हे, पाट्या रंगवणारा. गाव पोंभुर्ण्याजवळ. फ्लेक्स आलं आणि आमचा धंदा अर्धमेला झाला, पण सरकारी भिंती, जंगलातल्या पाट्या आणि शाळेतले सुविचार अजून हातानेच होतात. पोंभुर्ण्यापासून मूलपर्यंत माझी अक्षरं पसरली आहेत. आणि माझ्या चुकाही.

एकदा जंगल खात्याच्या पाट्या केल्या. 'वाघापासून सावध राहा.' अकराव्या पाटीत 'पासून' राहून गेलं. 'वाघा सावध राहा.' ती पाटी कित्येक महिने रस्त्याकडेला उभी होती. शेवटी वनरक्षक चहाच्या टपरीवर भेटला.

"पेंटरभाऊ, तुमी तं वाघालेच इशारा देऊन राह्यले."

"मंग? त्याचाबी जीव हाये."

"पन त्याले वाचता येते का?"

या चुकांचं कारण सांगतो. पेंटर वाचत नाही. तो अक्षर बघतो. 'क' बघतो, त्याचा काना बघतो, दोन शब्दांमधली फट बघतो. वाक्याचा अर्थ बघायला लागला तर हात थांबतो. गुरूने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "कागद वाचू नको, उतरव." वीस वर्षं मी तेच केलं. लोकांचे हक्क, लोकांचे कायदे, लोकांची नावं, सगळं उतरवत गेलो. वाचलं काहीच नाही.

हा दवाखाना खाजगी, मनोरुग्णांचा. शहराचं आणि दवाखान्याचं नाव इथे लिहीत नाही. वर्षभरापूर्वी तिथे तपासणी यायची होती. नियमाप्रमाणे हक्कांची पाटी हवी, ती नव्हती. मॅनेजरने मला बोलावलं. माणूस गोड. पांढरा शर्ट, कपाळावर गंध, बोलताना नजर फोनवर. त्याने टाइप केलेला कागद दिला. मी पत्रा आखला, दोरी मारली, अक्षरं भरत गेलो. लांब ओळी दोन-दोन रांगांत मोडल्या, त्यात जागा संपत आली. सातव्या ओळीत शेवटचा शब्द पत्र्याबाहेर चालला.

"साहेब, नाही मावत नाही."

"काय?"

"नाही हा शब्द. ओळीत मावत नाही. खालच्या ओळीत घेतला तर शेवटी एक ओळ वाढते."

"शेवटी डॉक्टरसाहेबांचं नाव यायचंय. राहू दे 'नाही'. कोण वाचतं?"

मी राहू दिलं. कोणी गळा धरला नव्हता माझा. अक्षर बारीक करता आलं असतं. सातवी ओळ खोडून पुन्हा आखता आली असती. कंटाळा आला, जेवायची वेळ झाली होती. वरून तो किस्सा गावात सांगत फिरलो. 'साहेब, नाही मावत नाही.' लोक पोट धरून हसायचे. तपासणीवाले आले, पाटीसमोर उभे राहून फोटो काढला, गेले. त्यांनीही वाचलं नाही. त्यांचा काय दोष? लिहिणाऱ्यानेच वाचलं नव्हतं.

मग माझं डोकं फिरलं.

हे मी लपवत नाही. मला बिमारी होती, आजही आहे. मला काही झालंच नव्हतं, उगाच कोंडलं, अशी ही गोष्ट नाही. दिवाळीनंतर माझी झोप गेली आणि हात थांबेना. दिसेल ते रंगवायला लागलो. हातपंप रंगवला. विहाराची पायरी रंगवली. पाण्याच्या टाकीवर चढून अख्ख्या गावाची नावं लिहिली, मेलेल्यांचीही. लोक तोवर कौतुकाने बघत होते. मग सरपंचाच्या पांढऱ्या बैलाच्या पाठीवर लाल ऑइलपेंटने 'ग्रामपंचायत मालमत्ता' असं लिहिलं. एकही चूक नव्हती त्यात. आयुष्यातली एवढी एक पाटी बिनचूक केली, तर तिच्यावरून गोंधळ झाला.

माझा मोठा भाऊ, त्याला आम्ही दादा म्हणतो, तो दुसऱ्या दिवशी म्हणाला, "त्या दवाखान्यात बोर्डाचं काम निघालं. चाल."

मी ब्रशचा डबा घेतला. सुती दोरा घेतला, टर्पेंटाईनची बाटली घेतली. गाडीत माझी बायको सुनंदा खिडकीजवळ बसली होती. तिला खोटं बोलता येत नाही, म्हणून ती वाटभर बोललीच नाही. मी मात्र गात होतो. मला काम मिळालं होतं.

"ये पेंटर," मॅनेजर म्हणाला. "तुझीच वाट पाहत होतो."

मागे लोखंडी दार लागलं. त्याचा आवाज मी ऐकला, पण रंगाच्या दृष्टीने. गंजलेलं आहे, प्रायमर मारावा लागेल, असं मनात आलं. एवढा मी हुशार.

त्याने एक कागद पुढे ओढला. मी आपणहून पेन उचललं, मला वाटलं कामाचं असेल. माझी सही बघण्यासारखी आहे. त्याने पेन हातातून काढून घेतलं.

"तुझी सही आता चालत नाही. डोकं बिघडलेल्या माणसाची सही धरत नाहीत." मग शाईचा पॅड उघडला. "अंगठा दे. अंगठा काही वेडा होत नाही."

सुनंदा पुढे आली. "साहेब, त्याइले लिवता येते. सारा तालुका त्याइच्याच हातचा लिवून हाये."

"बाई, तुमच्या लोकांना सहीचं भारी कौतुक. तुम्ही बाहेर बसा."

तुमच्या लोकांना. त्याने फोड करून सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. असल्या शब्दांची फोड आम्हाला लागत नाही. आम्ही बौद्ध. माझ्या आजाचा अंगठा एका कागदावर लावून घेतला होता, आणि तो कागद कशाचा हे आजाला मरेपर्यंत कळलं नाही. म्हणून बाप चाळिशीत विहाराच्या फरशीवर कोळशाने सही शिकला. उकिडवा बसून, महिनाभर. तो सांगायचा, "अंगठा कोनाचाबी धरून लावता येते. मेल्या मानसाचाबी लावता येते. सही जित्ता मानूसच करते." आमच्या घरात दोन पिढ्या कोणी अंगठा दिला नव्हता.

मी दिला.

मॅनेजरने माझा अंगठा धरला, पॅडवर दाबला, कागदावर दाबला. मी काय केलं? विनोद केला. "साहेब, निळी शाई काऊन? मी काळ्यात बरा दिसतो."

तो हसला. कागदावरची एक ओळ भरभर वाचून दाखवली, तेवढा नियम पाळला. "मी माझ्या मर्जीने, सर्व समजून घेऊन, उपचारासाठी दाखल होत आहे."

"दाखल? साहेब, मी तं बोर्डाले आलो."

"स्वतःच्या पायांनी आलास ना?"

"हो."

"मग झालं. मर्जी म्हणजे आणखी काय असते?"

बाहेर तो दादाला सांगत होता की मर्जीचा कागद सोपा पडतो, जबरीने ठेवायचं तर दोन-दोन तपासण्या आणि वर कळवावं लागतं. दादा मान हलवत होता. साहेब लोक बोलले की दादाची मान आपोआप हलते. माझा ब्रशचा डबा मॅनेजरच्या खोलीतल्या कपाटात गेला, शर्ट-पँट एका पिशवीत गेली, मला हिरवा झगा मिळाला. तिसऱ्या दिवशी मशीन आली. थंडी पडली की एकदा सगळ्यांचेच केस काढतात, उवा होतात म्हणे. मला उवा नव्हत्या. ज्यांना नव्हत्या त्यांचेही काढले.

गोळ्यांनी झोप आली, हे मात्र खरं सांगतो. डोकं निवत चाललं. आणि डोकं निवल्यावरच टकलाला वारा लागतो हे कळायला लागलं.

माझ्या शेजारच्या खाटेवर सोमाजी होता. म्हातारा गोंड, जिवतीच्या डोंगरातला. बायको गेल्यावर त्याने बोलणं आणि खाणं सोडलं होतं, म्हणून मुलाने आणून ठेवलं. ते पोळ्याच्या आधी. आता थंडी पडली होती. मुलगा मिरची तोडायला तेलंगणात गेला, त्याचा फोन लागत नव्हता. सोमाजी बरा होऊन बसला होता, पण न्यायला कोणी नाही. केस काढल्यावर संध्याकाळी चहाच्या वेळेला त्याने पाटीकडे बोट केलं.

"पेंटरभाऊ, ते का लिवून हाये?"

"हक्क."

"कोनाचे?"

"आपले."

"सांग ना मंग."

मी वाचायला लागलो. स्वतःची पाटी पहिल्यांदा. "पहिली ओळ. रुग्णाला स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क आहे."

सोमाजीने आपला झगा चिमटीत धरला. "हे कोनाचे?"

"दवाखान्याचे."

"हं. पुढं."

"रुग्णाला कोणत्या नियमाखाली दाखल केले, हे त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगावे."

"माह्या भाषेत? गोंडीत?"

"मंग. तुमची भाषा तेच."

"इथी गोंडी कोनाले येते?"

मी व्हरांडाभर नजर फिरवली. "तुमालेच."

"म्हंजे मीच मले सांगू?"

आठ-दहा जण जमले. काहींना वाचता येत होतं, पण पाटी उंच, आणि पाट्यांकडे बघायची कोणाला सवय नसते. तिसरी ओळ घरी फोन करण्याची होती. एक जण म्हणाला, तो महिन्यापासून फोन मागतो आहे. चौथी ओळ कागदपत्रांची नक्कल मिळण्याची. पाचवी ओळ मी दोनदा वाचली: 'स्वतःच्या मर्जीने दाखल झालेल्या रुग्णाने मागणी केल्यास त्यास घरी सोडावे, डॉक्टरांची हरकत असल्यास फार तर एक दिवस थांबवता येईल.' ती वाचल्यावर चहाचे कप हातात थंड झाले. तक्रार कोणत्या मंडळाकडे करायची ते सहाव्या ओळीत होतं. तिथे 'पत्ता' लिहून पुढे मी एक झोकदार रेघ ओढली होती. कागदावर पत्ता कोराच होता, म्हणून.

मग सातवी. मी म्हणालो, "रुग्णाचे मुंडण त्याच्या इच्छेविरुद्ध करता येणार नाही."

सोमाजी माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला वाचता येत नाही. पण जंगलातला माणूस, समोरच्याची नजर कुठे जाते हे बरोबर बघतो.

"नाई म्हनतानी तू खाली पाह्यलं," तो म्हणाला. "वरतं नाई लिवून नसन."

मी कप खाली ठेवला.

"लिवून हाये का नाई?"

"नाई."

"काऊन?"

"मावलं नाई."

हा तोच विनोद. गावात पोट धरून हसवणारा. इथे दहा टकली माझ्याकडे बघत होती, त्यातलं कोणी हसलं नाही.

"लिवनारा कोन होता?" सोमाजीने विचारलं.

"मी."

त्याने मग आपल्या डोक्यावरून हात फिरवला. गोंड माणसाचे लांब केस होते ते, मी आलो त्या दिवशी पाहिले होते.

"तुले लिवता येते," तो म्हणाला. "आमाले येत नाई. आमी तुह्या भरोशावर."

मारलं असतं तर बरं झालं असतं. मॅनेजरने अंगठा घेतला तेव्हा मी लहान झालो होतो, पण तेव्हा निदान मला लहान करणारा दुसरा होता. इथे माझं मीच केलं होतं. शिकलेल्याचा माज मलाही होता तर. सही येणाऱ्याचा. कोण वाचतं, असं मॅनेजर म्हणाला, आणि मी मान हलवली. दादासारखीच.

सकाळी मॅनेजर वॉर्डात आला. मी खाटेवरून उठून उभा राहिलो.

"साहेब, मले घरी जायचं हाये."

"घरच्यांची सही लागते."

"येतानी माझा अंगठा पुरला. जातानी काऊन पुरत नाई?"

"कोणी शिकवलं तुला हे?"

"तुमच्याच भिंतीवर लिवून हाये. पाचवी ओळ."

मॅनेजरने वर पाहिलं. पाटी लागून वर्ष झालं होतं, तो ती आता वाचत होता. पाचव्या ओळीवरून नजर सातवीपर्यंत उतरली. मग तो मामाला म्हणाला, "डॉक्टरसाहेबांना फोन करा. पेंटरचं परत वाढलंय."

चौघांनी धरलं. सुई कमरेत गेली. "नाई" म्हणायला तोंड उघडलं, 'न' तेवढा निघाला, पुढचं जिभेखाली अडकलं. पुढचे दोन दिवस कुठे गेले ते मला सांगता येत नाही. लाळ उशीवर सुकली होती तेवढी आठवते, आणि कोणीतरी ओल्या फडक्याने तोंड पुसत होतं. तो सोमाजी होता हे नंतर कळलं.

डोळे नीट उघडले तेव्हा समोरची भिंत रिकामी होती. खिळ्यांची चार भोकं, आणि पाटीएवढा चौकोन भिंतीपेक्षा उजळ.

"उतरवून नेली," सोमाजी म्हणाला. "मामा म्हने, रंगवाले नेली."

रविवारी भेटीच्या दिवशी दादा आणि सुनंदा आले. मला मॅनेजरच्या खोलीत बोलावलं. चहा आला, माझ्यासाठीसुद्धा, कपबशीत. माझी पाटी कपाटामागे भिंतीला तोंड करून उभी होती.

"पेंटर आता छान आहे," मॅनेजर दादाला म्हणाला. "आज सुट्टी देऊ. आणि ती पाटी घेऊन जा रे, घरून नीट करून आण. एक शब्द राहिलाय." तो माझ्याकडे बघून हसला. जुन्या दोस्तासारखं.

मग कागद आला. टाइप केलेला. त्याने पेन दिलं. "सही कर."

"अंगठा नाई चालत?"

"आता बरा झालास. आता सहीच लागते."

मी पेन धरलं. खरं सांगतो, करणारच होतो. घर डोळ्यांपुढे होतं. सुनंदाने पिशवीत माझा निळा शर्ट इस्त्री करून आणला होता, त्याची बाही बाहेर डोकावत होती. दादा म्हणाला, "कर ना बापा सही. गाडी उभी हाये."

सुनंदा माझ्या डोक्याकडे बघत होती. 

"पयले वाचा," ती म्हणाली.

वीस वर्षांत मला कोणी हे सांगितलं नव्हतं. पेंटरला कोणी वाचायला सांगत नाही.

मी मोठ्याने वाचलं. 'मी माझ्या मर्जीने दाखल झालो होतो. माझ्यावर कोणतीही जबरदस्ती झाली नाही. माझी कोणतीही तक्रार नाही.'

दोन 'नाही'. दोन्ही बरोबर मावले होते. ओळीत जागा उरली होती.

"साहेब," मी म्हणालो, "मले पयला कागद दाखवा. अंगठ्याचा."

"तो दवाखान्याचा आहे."

"अंगठा माझा हाये. त्या दिवशी मी याडा होतो तं 'सर्व समजून' कसं लिवलं? आन मले समजत होतं तं सही काऊन घेतली नाई? दोनातलं एक सांगा."

त्याच्या चेहऱ्यावरचं गोड उतरलं. "सही नाही, तर सुट्टी नाही."

"नाई करत."

"नाई बोलावू का परत?" मामाचा विनोद त्याच्यापर्यंत पोचला होता.

मी डोकं पुढे केलं. "बोलवा. आता कापाले का उरलं?"

या वेळी मी हसलो नाही. माझा मलाच आवाज अनोळखी वाटला.

शाईचा पॅड टेबलावरच होता. मी अंगठा त्यावर दाबला, नीट भिजवला, जाड ब्रश भिजवतात तसा. आणि सहीच्या जागेवर लिहायला लागलो. या वेळी उजवीकडून, म्हणजे शेवटचं अक्षर बाहेर पडायला नको. आधी 'ही', त्याची वेलांटी कागदाच्या कडेपर्यंत नेली. मग 'ना'. मग वरून एकच शिरोरेषा, डावीकडून उजवीकडे. अक्षरं टाइपच्या ओळींवरून गेली, खालचं काही वाचता येईना. माझ्या हातचं सगळ्यात वाईट अक्षर ते. जाडजूड, बरबटलेलं. पण पूर्ण.

"मामा!" मॅनेजर ओरडला.

मामा आला, पण खोलीत शिरू शकला नाही. सुनंदा दाराच्या मधोमध खाली बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन.

"मी नाई उठत," ती म्हणाली. "याइचा पयला कागद दाखवा, नाई तं याइले सोडा."

बाहेर आपापल्या माणसांना भेटायला आलेले लोक उभे राहून बघायला लागले. मॅनेजर दादाकडे वळला, "समजवा तुमच्या बाईला." मला वाटलं आता दादाची मान हलणार. दादा उठला. कपाट उघडंच होतं. त्याने आतून माझा ब्रशचा डबा काढला आणि काखेत धरून सुनंदाच्या मागे जाऊन उभा राहिला.  घाम फुटला होता त्याला.

शेवटी डॉक्टरसाहेब आले. माझ्याकडे पाहिलं नाही. दारात बसलेल्या बाईकडे आणि तिच्यामागच्या गर्दीकडे पाहिलं आणि म्हणाले, "जाऊ द्या."

सुट्टीच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'नातेवाईकांच्या आग्रहावरून'. म्हणजे कागदाने बघाल तर मी आलो माझ्या मर्जीने आणि गेलो दुसऱ्यांच्या. पहिला कागद दाखवला नाही. नक्कलही दिली नाही.

निघताना सोमाजी जाळीशी उभा होता. मी निळ्या शर्टात, तो झग्यात.

"माहा कागद का म्हनते रे, पेंटरभाऊ?"

मला माहीत नव्हतं. त्याच्यासाठी दारात बसणारं कोणी नव्हतं.

हे लिहितो आहे तेव्हाही माझी औषधं चालू आहेत. सरकारी दवाखान्यात जातो, तिथल्या कागदावर सही करतो, वाचून करतो. रांगेतले मागचे लोक वैतागतात. बैल धुतला, पण लाल अजून गेला नाही. सरपंच माझ्याशी बोलत नाही. गावातली मुलं मागून "नाई, नाई" ओरडतात, केस आले तरी. ओरडू दे.

तालुक्याच्या कोर्टात मोफत मदत देणाऱ्या एक वकीलबाई आहेत. सहाव्या ओळीतल्या मंडळाचा पत्ता त्यांनी काढला. जिथे मी रेघ ओढली होती, तिथे आता पत्ता आहे. अर्ज गेला. उत्तर आलेलं नाही. येईल का, मला सांगता येत नाही. दुसरा अर्ज सोमाजीचा तयार आहे. त्याची भाषा जाणणारे जिवतीचे एक गुरुजी सोबत यायला कबूल झालेत. मंगळवारी आम्ही चौघं निघतो आहोत, वकीलबाई, गुरुजी, सुनंदा आणि मी. सोमाजीला त्याचा कागद गोंडीत वाचून दाखवल्याशिवाय त्या दारातून उठायचं नाही. आणि माझा अंगठा त्यांच्या कपाटात आहे. तो परत घेतल्याशिवाय मी मरणार नाही.

धंदा चालू आहे. फरक एवढाच की आता काम आलं की आधी खाली बसून कागद वाचतो, मग पत्रा आखतो. आणि ओळ उजवीकडून सुरू करतो. आधी 'नाही' लिहितो. उरलेल्या जागेत बाकीचं मावलं तर मावलं.